दातांचा कट्टा: आधी वर्दी का आधी एमडीएस?

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेलो होतो की मी आधी फौजेत दातांचा डॉक्टर होतो आणि मग एमडीएस, म्हणजे बीडीएसच्या पुढची स्पेशालिस्टची डिग्री, करून लेकरांच्या दातांकडे वळलो. त्या एका ओळीवर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. उदगीर, भोकर, गेवराई, कन्नड, कुठून कुठून आलेत. त्यातले काही घेतलेत, नावं छापत नाही. एरवीचे दाढदुखीचे प्रश्न पुढच्या वेळी, पण तोवर दुखत असेल तर लवंग दाबून बसू नका, जवळच्या दवाखान्यात जाऊन या.

प्रश्न: सर, मी उदगीरची, सध्या बीडीएसची इंटर्नशिप करायलेय. आर्मीत जायचं हे शाळेपासून डोक्यात आहे आणि आता पोस्टिंग फिरताना पेडोचं, म्हणजे लेकरांच्या दातांचं, डिपार्टमेंट लई आवडलं. मैत्रिणी म्हणतेत आर्मीत गेलीस की एमडीएस सरकारी खर्चानं होतं, मग आत्ता कशाला डोकं खपवायचं. घरचे म्हणतेत आधी लग्नाचं बघू. आधी वर्दी घालू का आधी एमडीएस करू? आणि मुलींना तिथं खरंच घेतात का?

उत्तर: वयानं माझ्या पुतणीएवढी असशील म्हणून तू म्हणतो, राग नको मानू. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. घेतात. २०२३ मध्ये ह्यावर सुप्रीम कोर्टात केस झाली होती, त्या भरतीत ३० जागांपैकी २७ पुरुषांना आणि फक्त ३ महिलांना ठेवल्या होत्या, कोर्टानं सरकारला चांगलंच सुनावलं आणि पुढं सरकारनंच कोर्टात सांगितलं की इथून पुढं डेंटल कोअरची भरती मुलगा मुलगी न बघता होईल. तेव्हा ती शंका काढून टाक. लग्नाचं मी काय सांगू, ते तुझ्या आईला विचार.

आता मुख्य गोष्ट. आर्मी डेंटल कोअर १९४१ पासून आहे आणि आर्मी, नेव्ही, एअर फोर्स तिन्हीकडच्या लोकांचे दात तीच बघते. आत जायचा रस्ता शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठराविक वर्षांच्या नोकरीचा. बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला किमान ५५ टक्के, इंटर्नशिप पूर्ण, डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि नीट एमडीएसचा स्कोअर. स्कोअरवरून इंटरव्ह्यूला बोलावतात, दिल्लीला, मग मेडिकल. एनडीएच्या पोरांसारखं पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडायच्या चाचण्या, इथं नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच घाबरून फॉर्मच भरत नाहीत. वयाची अट ४५ वर्षांपर्यंत. घेतलं की थेट कॅप्टन.

नीट एमडीएस म्हणलं ते नीट लक्षात घे. २४० प्रश्न, ९६० मार्क, तीन तास, चुकलं की एक मार्क कट. हीच परीक्षा एमडीएसच्या ॲडमिशनला लागते आणि हीच फौजेला लागते, म्हणजे अभ्यास एकच आणि दरवाजे दोन. त्यामुळे "आत्ता कशाला डोकं खपवायचं" हा मैत्रिणींचा मुद्दा इथंच संपला, डोकं तर दोन्हीकडं खपवावंच लागणार आहे.

मग आधी काय? माझं स्पष्ट मत आहे, तुला पेडोच करायचं असेल आणि त्यात शंका नसेल तर आधी एमडीएस कर, वर्दी नंतर घाल. ४५ वर्षांची अट आहे म्हणजे वेळ भरपूर आहे. कारण सांगतो. फौजेत दातांच्या डॉक्टरचं पहिलं काम जवानाचं तोंड. जवान सीमेवर जायच्या आधी त्याची दुखरी दाढ निस्तरायची, रूट कॅनॉल, फिलिंग, अक्कलदाढ काढणं, जबड्याला मार लागला तर ते, पटाशीचा दात पडला तर तो बसवणं. ह्या कामाला लागणारे स्पेशालिस्ट फौजेला आधी लागतात आणि त्यात काही वावगं नाही, ती फौज आहे. लेकरं येतात ती फॅमिली स्टेशनला, म्हणजे जिथं जवानांना बायकापोरांसोबत राहता येतं तिथं. तिथं खूप येतात, पण तुझं पोस्टिंग तिथंच होईल असं कोण सांगणार. आणि सरकारी खर्चानं एमडीएस ही गोष्ट शॉर्ट सर्व्हिसवाल्यानं तर अजिबात गृहीत धरू नये, शिकायला पाठवलंच तरी विषय तुझ्या आवडीचा मिळेल का फौजेच्या गरजेचा, हे तुझ्या हातात नसतं. ज्याला कुठलाही विषय चालतो त्यानं आधी वर्दी घालावी, बेधडक. ज्याला एकच विषय पाहिजे त्यानं तो आधी पदरात पाडून घ्यावा.

आणखी एक फायदा. पेडोला सहसा ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं) किंवा कॉन्सएवढी (रूट कॅनॉल, फिलिंग) मारामारी नसते. रँक जरा मागं असली तरी सरकारी कॉलेजात पेडो मिळू शकतं आणि फीच्या हिशोबानं तो फरक फार मोठा असतो, खाजगीत तीन वर्षांची फी ऐकून बाप रान विकायच्या गोष्टी करतो. काउन्सेलिंगला आपल्या संभाजीनगरचं कॉलेज डोळ्यापुढं ठेवून बसू नको, मुंबई नागपूर आणि राज्याबाहेरची सुद्धा यादी काढ. लातूरच्या पुढं गाडी न्यायची नाही असं घरच्यांनी म्हणलं तर त्यांना विचार, फौजेत गेल्यावर ती आसामात तेजपूरला जाणारच आहे ना मग.

एमडीएस करून गेलीस तर लगेच "पेडोडॉन्टिस्ट" म्हणून बसवतील असंही समजू नको. आधी जवानांचे दात बघायचेच, मग ग्रेडेड स्पेशालिस्ट, क्लासिफाइड स्पेशालिस्ट असे टप्पे असतात. पण डिग्री आपली असते, ती कोणी काढून घेत नाही.

प्रश्न: नमस्कार सर. मी नांदेड जिल्ह्यातला, भोकरकडचा, डेंटल कोअरमध्ये कॅप्टन, शॉर्ट सर्व्हिस, तिसरं वर्ष चालू आहे. सध्या फॅमिली स्टेशनला आहे आणि सकाळची निम्मी ओपीडी लेकरांचीच असते. सुरुवातीला कंटाळा यायचा, आता त्यातच मन रमायलंय. माझ्यापुढं दोन रस्ते आहेत, परमनंट कमिशनला, म्हणजे फौजेतल्या कायमच्या नोकरीला, बसायचं का पाच वर्षं झाली की बाहेर पडून पेडो करायचं. बायको म्हणते पगार सोडू नका. तुम्ही काय केलंत आणि का?

उत्तर: मी बाहेर पडलो. पण मी केलं म्हणून तुम्ही करा असं नाही, तुमचा हिशोब तुम्ही मांडा, मी फक्त आकडे पुढं ठेवतो.

पहिली मुदत ५ वर्षांची, नंतर वाढवून मिळते, आधी ५ मग ४, म्हणजे जास्तीत जास्त १४ वर्षं. आणि ऑफिसरला पेन्शनला २० वर्षं लागतात. म्हणजे शॉर्ट सर्व्हिसवर १४ वर्षं काढून सुद्धा पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून मी नेहमी म्हणतो शॉर्ट सर्व्हिसवाल्यानं दोनच ठिकाणी निर्णय घ्यावा, एक तर परमनंट कमिशनची खिडकी उघडी असते तेव्हा, नाहीतर पहिली ५ वर्षं संपताना. बघू बघू करत मधेच कुठंतरी १० वर्षांवर येऊन थांबलेला माणूस सगळ्यात अवघड जागी असतो, चाळिशी जवळ आलेली, पोरं शाळेत, आणि परत पहिल्या वर्षाचा पीजी व्हायची हिंमत राहत नाही. परमनंटच्या परीक्षेला वयाची आणि सर्व्हिसच्या वर्षांची अट असते, तिसरं वर्ष चालू म्हणजे तुमची खिडकी आत्ता उघडी असू शकते, ऑफिसातून चालू नियम हातात घेऊन वाचा, सीनियरच्या तोंडी ऐकू नका. नीट एमडीएसला मात्र वयाची वरची अट नाही.

पैशाचं वहिनी बरोबर म्हणतेत. कॅप्टनचा मूळ पगार, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे, वर २० टक्के एनपीए (खाजगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता), घर, कँटीन, हे सगळं सोडून स्टायपेंडवर तीन वर्षं काढायची म्हणजे आधी गाठीला काहीतरी पाहिजे. गृहकर्ज घेऊन बसला असाल तर आधी ते बघा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो. पगारापेक्षा ती जास्त जड जाते. काल सुभेदार साहेब तुम्हाला सॅल्यूट ठोकत होते आणि आज तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान सेकंड इयरची मॅडम तुमचं वायर बेंडिंग उचलून म्हणते, "परत करा, बरोबर नाही." पेडोचं पहिलं वर्ष म्हणजे वायर वाकवणं, प्लास्टरची मॉडेलं, स्पेस मेंटेनर, काढलेल्या दातांवर कॅव्हिट्या पाडत बसणं, वर्षाच्या शेवटी बेसिक सायन्सचा पेपर, म्हणजे ॲनाटॉमी फिजिओलॉजी परत. मला ते पहिले काही महिने लई जड गेले, हात जवानाच्या तोंडाचा झालेला होता. बाकी फौजेची एक सवय तिथं उपयोगी पडली, पहाटे उठायला कोणी सांगावं लागत नाही.

आता तुम्ही आत्ता जिथं बसलात तिथं काय करता येईल ते बघा, कारण ही जागा म्हणजे शिकायला सोनं आहे. फौजी घरच्या लेकरांचं दुखणं वेगळं असतं. बाप बाहेर, आई एकटी, दोन अडीच वर्षांनी बदली, त्यामुळे एका स्टेशनला पल्पेक्टॉमी (दुधाच्या दाताचं रूट कॅनॉल) सुरू झाली आणि कॅप बसायच्या आधीच सामान ट्रकमध्ये. पुढच्या स्टेशनला नवीन डॉक्टर, कागद नाही, आईला आठवत नाही कुठल्या दाढेत काय भरलं. तुम्ही प्रत्येक लेकराच्या आईला एक कागद देत जा, दात नंबर, काय केलं, काय राहिलं, तारीख. पुढचा डॉक्टर दुवा देईल. आणि स्वतःची वही ठेवा, लेकरू पहिल्या दिवशी कसं वागलं, तिसऱ्या वेळी कसं. पेडोत त्याला फ्रँकल स्केल म्हणतात, चार पायऱ्या असतात, अगदी रडून लोळणाऱ्यापासून हसत खुर्चीत बसणाऱ्यापर्यंत. तुम्ही आत्तापासून ते लिहायला लागलात तर एमडीएसला गेल्यावर अर्धं काम हातात असेल.

"टेल शो डू" तुम्हाला बीडीएसला शिकवलंच असेल, सांगा, दाखवा, मग करा, १९५९ पासून चालत आलेली पद्धत आहे. पण जवानांच्या ओपीडीत सवय अशी लागते की "तोंड उघडा" म्हणलं की तोंड उघडतं. लेकरू तुमची रँक बघत नाही ओ. त्याच्यापुढं पॉलिशिंगचा मऊ रबर कप आधी स्वतःच्या नखावर फिरवून दाखवायचा, मग त्याच्या नखावर, पाण्याचा फवारा हातावर, आणि त्या दिवशी तेवढंच करून घरी पाठवायची तयारी ठेवायची. बाहेर वीस जवान लाईनीत असताना हे करणं अवघड आहे, मला माहीत आहे. आठवड्यातली एक दुपार फक्त लेकरांना ठेवता येते का कमांडंटना विचारून बघा, माझ्या वेळी एका सीनियरनी ती मला दिली होती आणि माझा निर्णय तिथंच पक्का झाला.

शेवटी, नांदेडला परत यायचा विचार असेल तर तिकडं पेडोचं काम पडलेलं आहे. किनवट पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, शाळेत गेलात तर पोरांच्या पटाशीच्या दातांवर पांढरे पिवळे तपकिरी डाग. दात हाडात तयार होत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत, जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं की ते होतं, ब्रश करून जात नाही. बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं सहा महिने फडावर असतात, शाळेची दात तपासणी त्यांना सापडतच नाही. थिसिसला विषय शोधत बसू नका, आपल्याकडं रस्त्यावर पडलेत.

प्रश्न: डॉक्टर साहेब, मी गेवराईचा. माझा पुतण्या भरतीची तयारी करायलाय, रोज सकाळी ग्राउंडवर. कोणीतरी म्हणलं भरतीत दात बी मोजतात आणि पॉइंट कमी पडले की बाहेर. खरं आहे का? आणि माझा धाकटा सात वर्षांचा, त्याची मागची दाढ किडलीय, पण ती दुधाची आहे म्हणून सोडून दिलंय.

उत्तर: दादा, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत पण तो एकच प्रश्न आहे.

दात मोजतात, खरं आहे. पॉइंट असतात. पुढचे दात आणि छोट्या दाढा, वरचा आणि खालचा समोरासमोर चांगला असला की त्या जोडीला १ पॉइंट. मोठ्या दाढांच्या जोडीला २. बत्तीसच्या बत्तीस असले तर २२ होतात आणि लागतात किमान १४. वाटायला खूप मार्जिन वाटतं. पण अठरा एकोणीस वर्षांच्या पोराला अक्कलदाढा बहुतेक आलेल्या नसतात, म्हणजे २८ दात, म्हणजे १८ पॉइंट. आता त्याची डाव्या बाजूची खालची पहिली मोठी दाढ लहानपणी काढली असेल तर ती जोडी गेली, १६. उजवीकडं पण तसंच असेल तर १४. आता तो कड्यावर आहे, एक दात अजून गेला की बाहेर. १६०० मीटर पळून आलेला पोरगा दाढेपायी घरी येतो, आणि ती दाढ किडली कधी तर दुसरी तिसरीत.

आता तुमच्या धाकट्याकडं या. सात वर्षांच्या लेकराची सगळ्यात मागची दाढ सहसा दुधाची नसते. ती साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं नवीन जागी येते, ती यायला कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला कळतच नाही की पक्की दाढ आली. आपल्याकडं शंभरातल्या बहुतेक आयांना मी हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. तीच ही २ पॉइंटवाली दाढ. पुन्हा येत नाही. ह्याच आठवड्यात दाखवा, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, बीडला जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची टीम येते तिला पण सांगा, दात त्यांच्या तपासणीत असतात. कीड वरवर असेल तर भरून काम होतं. दुसऱ्या बाजूची चांगली असेल तर तिच्या खाचांमध्ये सीलंट भरून घ्या, सुई नाही, दुखत नाही, पाच दहा मिनिटांचं काम.

आणि पुतण्याला सांगा, मेडिकलच्या दोन दिवस आधी नाही, आत्ताच दात दाखव. गुटख्याची पुडी खिशात असेल तर ती पण काढ म्हणावं, ग्राउंडवरच्या पोरांचं मला माहीत आहे.

प्रश्न: माझे मिस्टर फौजेत आहेत, सध्या सीमेवर. मी कन्नडजवळ सासरी राहते. मुलगी चार वर्षांची, वरचे चार दात काळे पडलेत, दवाखान्याचं नाव काढलं की किंचाळते. सासूबाई म्हणतात दुधाचे आहेत, पडतील. शहरातले डॉक्टर म्हणाले बेशुद्ध करून सगळे एकदम करू. भीती वाटते. आणि ईसीएचएसमध्ये होईल का?

उत्तर: ताई, ईसीएचएस ही उपचारांची योजना फौजेतून रिटायर झालेल्यांसाठी असते. मिस्टर सर्व्हिसमध्ये आहेत म्हणजे तुम्हाला मिलिटरी हॉस्पिटल, तुमचं जवळचं म्हणजे संभाजीनगरच्या छावणीतलं. डिपेंडंट कार्ड घेऊन जा आणि तिथं दातांचं काय होतं ते विचारा, त्यांना पुढं पाठवायचं असेल तर रेफर करतील. एवढं लांब जायचं तर फोन करून जा.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पुढचे चार सहाव्या सातव्या वर्षापासून पडायला लागतात, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा बारा वर्षांपर्यंत राहतात आणि कीड पुढून मागं जाते. रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपत असेल तर आजपासून बंद. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी, आणि ब्रश तुम्ही करायचा, तिनं नाही.

बेशुद्ध करून करणं हा मारून टाकायचा प्रकार नाही हो, भूलतज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलात होतं आणि बऱ्याच दातांचं काम असेल तर कधी कधी तेच बरं. पण त्याच्या आधी विचारा की एसडीएफ (सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड) लावून कीड थांबवता येईल का. ते औषध आहे, ब्रशनं लावतात, सुई नाही, मशीन नाही. कीड लागलेली जागा मात्र कायमची काळी दिसते, तिचे आधीच काळे आहेत तर तेवढं चालेल. पू किंवा सूज असेल तर मग हे चालत नाही.

"सुई देईन, डॉक्टरकाकांकडं नेईन" असं घरात कोणी म्हणत असेल तर ते पहिलं थांबवा.

प्रश्न: आर्मीतल्या दातांच्या डॉक्टरला बंदूक चालवता येते का? मी ९ वीत आहे, जालना.

उत्तर: येते, बेसिक ट्रेनिंगला शिकवतात, लखनौला. नंतर रोज हातात असतो तो आरसा आणि प्रोब. तू दहावीनंतर सायन्सला बायोलॉजी घे, बीडीएसच्या ॲडमिशनची नीट त्याशिवाय देता येत नाही.